पंतप्रधानांची कवळी

लंडनमध्ये १०, डाउनिंग स्ट्रीट या पंतप्रधानांच्या घरी २३ जून १९५३ च्या रात्री इटलीचे पंतप्रधान अल्चिदे दे गास्पेरी यांच्यासाठी मेजवानी होती. जेवणानंतर यजमान विन्स्टन चर्चिल यांनी छोटेसे भाषण केले. विषय होता रोमनांनी ब्रिटन कसे जिंकले हा. भाषण छान झाले. थोड्या वेळाने उठायची वेळ आली तेव्हा मात्र चर्चिल यांना खुर्चीतून उठता येईना. शब्द जड आणि एकमेकांत मिसळलेले येऊ लागले. काहींना वाटले, आज वाइन जरा जास्त झाली असावी. जावई क्रिस्टोफर सोम्स यांनी, पंतप्रधान फार थकले आहेत असे सांगून पाहुण्यांचा निरोप लवकर उरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डॉक्टर लॉर्ड मोरान आले. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती, बोलणे बोबडे झाले होते आणि पाऊल डळमळत होते. हा मेंदूचा झटका होता, म्हणजे पक्षाघात. चर्चिल तेव्हा ७८ वर्षांचे होते. अशा रुग्णाने अंथरुणात पडून राहायचे असते, पण या रुग्णाने त्याच दिवशी मंत्रिमंडळाची बैठक घेतली. बसल्या जागेवरून ती पार पडली. पंतप्रधान आज जरा गप्प आहेत, चेहरा पांढरा दिसतो, याहून जास्त काही बहुतेक सहकाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

चर्चिल हे नाव वाचल्यावर भारतीय वाचकाच्या मनात कडवटपणा येतो आणि तो येणारच. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसे मेली. त्या काळातली त्यांची वागणूक आणि आपल्या स्वातंत्र्याला त्यांनी केलेला विरोध विसरण्यासारखा नाही. पण एका रुग्णाच्या नजरेने त्यांच्याकडे पाहिले तर शिकण्यासारखे बरेच सापडते. ज्या माणसाचे सगळे सामर्थ्य तोंडात होते, त्याच्या तोंडावरच आजाराने घाव घातला. घराघरांत पक्षाघाताचा रुग्ण सांभाळताना सगळ्यांचे लक्ष हातापायाकडे असते आणि तोंड विसरले जाते. म्हणून ही हकिगत तोंडाच्या बाजूने सांगायची.

चर्चिल यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, ब्लेनिम राजवाड्यातला. घराणे मोठे, पण मुलाच्या दोन गोष्टी पहिल्यापासून कच्च्या. एक दात आणि दुसरी जीभ. दातांनी लहानपणापासून त्रास दिला आणि ऐन तारुण्यातच त्यातले काही गेले. जिभेचा दोष म्हणजे ‘स’ हा वर्ण नीट उमटत नसे. राजकारणात जायचे मनात असलेल्या तरुणाला ही मोठी अडचण वाटली. लंडनचे नामवंत घसातज्ज्ञ फेलिक्स सीमन यांना त्यांनी दाखवले. सीमन यांनी तपासून सांगितले की रचनेत काही दोष नाही, सराव करत राहा. तो सराव त्यांनी आयुष्यभर केला. भाषणे आधी लिहून, घोकून, आरशासमोर म्हणून पाहायची सवय तिथूनच लागली.

मुंबईशी त्यांचा संबंध एका दुखापतीने जोडलेला आहे. १८९६ मध्ये तरुण लष्करी अधिकारी म्हणून ते भारतात आले. ससून डॉकवर होडीतून उतरताना भिंतीतली लोखंडी कडी पकडली, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. पुण्यात एक-दोन दिवस थांबून पलटण बंगळूरला गेली. तो खांदा त्यांना आयुष्यभर छळत राहिला.

मधली चाळीस वर्षे येथे ओलांडून जाऊ. मे १९४० मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा वरच्या जबड्यातले बरेच दात गेलेले होते. त्या जागी काढता-घालता येणारी, सोन्याच्या पट्टीवर बसवलेली अर्धी कवळी होती. त्यांचे दंतवैद्य होते विल्फ्रेड फिश आणि कवळी घडवणारे कारागीर होते डेरेक कडलिप. चर्चिल यांचा तो किंचित बोबडा ‘स’ रेडिओवर लाखो लोकांच्या ओळखीचा झाला होता. कवळी टाळूला घट्ट चिकटून बसली असती तर उच्चार बदलला असता. म्हणून ती मुद्दाम जराशी सैल, टाळूपासून सुटी राहील अशी घडवलेली होती. तरुणपणी जो दोष घालवण्यासाठी घसातज्ज्ञाकडे खेटे घातले, तोच पुढे दंतवैद्याकरवी जपला.

कवळीचे दोन संच कायम जवळ असत. एक तुटला तर दुसरा हवाच, कारण कवळीशिवाय भाषण नाही. कडलिप यांना सैन्यात भरती होण्याचा हुकूम आला तेव्हा चर्चिल यांनी तो कागद फाडून टाकला, अशी आठवण त्यांच्या घरी सांगितली जाते. रागाच्या भरात पंतप्रधान कवळी तोंडातून काढून भिरकावत आणि ती किती लांब गेली यावरून युद्ध कसे चालले आहे याचा अंदाज येई, अशीही एक आठवण आहे. घरगुती आठवणींना थोडे मीठमसाला लागतोच. दुरुस्तीला येणाऱ्या कवळ्या मात्र खऱ्या होत्या.

फिश हे साधे दंतवैद्य नव्हते. हिरड्यांच्या रोगांवर आणि कवळीच्या शास्त्रावर त्यांनी मोलाचे संशोधन केले. कवळी केवळ जबड्यावर घट्ट बसते म्हणून जागेवर राहत नाही, हा त्यांनी ठासून मांडलेला मुद्दा. तिची बाहेरची बाजू गाल आणि ओठ दाबून धरतात, आतली बाजू जीभ धरते. दोन्हीकडून येणाऱ्या दाबांच्या मधोमध दात बसवले तर बोलताना, चावताना ती हलत नाही. या एका मुद्द्यातून पक्षाघातानंतरची अर्धी अडचण समजते. एका बाजूचा गाल ढिला पडला, ओठ सुटला, जीभ एकीकडे वळली की वर्षानुवर्षे व्यवस्थित बसणारी कवळी डगमगू लागते. कवळी जुनीच असते, तिला धरणारे स्नायू बदललेले असतात. घरचे मात्र म्हणतात, आजोबांना आता कवळी आवडत नाही. मग ती डबीत जाते आणि आजोबा पेजेवर येतात.

दात हे सगळ्या रोगांचे मूळ, अशी एक समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेत जोरात होती. संधिवातापासून वेडापर्यंत कशासाठीही धडधाकट दात उपटले जात. त्या लाटेने असंख्य लोकांना बोळके केले. पुढे ती ओसरली आणि डॉक्टरांनी तोंडाकडे पाहणेच सोडून दिले. हे दुसरे टोकही तितकेच चुकीचे होते, हे कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

मोरान हे १९४० पासून चर्चिल यांचे डॉक्टर. युद्धकाळात त्यांना रुग्णाच्या मागे जगभर फिरावे लागले. १९४३ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये आणि डिसेंबरमध्ये ट्युनिशियातल्या कार्थेजजवळ, असा वर्षात दोनदा चर्चिल यांना न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी हृदयाचे ठोकेही काही काळ अनियमित झाले होते. एका गरीब शेतकऱ्याने बुडणाऱ्या छोट्या चर्चिलला वाचवले, त्या शेतकऱ्याचा मुलगा म्हणजे फ्लेमिंग आणि त्याच्या पेनिसिलिनने चर्चिल पुन्हा वाचले, ही गोष्ट मोबाइलवर अजून फिरते. ती खोटी आहे. कार्थेजला त्यांना सल्फा गटातले औषध दिले होते. न्यूमोनिया हा शब्द येथे लक्षात ठेवायचा, कारण पक्षाघाताच्या रुग्णाचा तो मोठा शत्रू आहे.

मेंदूने पहिला इशारा दिला ऑगस्ट १९४९ मध्ये. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मित्राच्या बंगल्यात रात्री उशिरापर्यंत पत्ते चालले होते. उजव्या हातापायात मुंग्या आल्यासारखे झाले. सकाळी सही नीट येईना. झटका सौम्य होता, थोड्या दिवसांत त्यांची प्रकृती सावरली आणि बाहेर बातमी गेली ती सर्दीची. फेब्रुवारी १९५२ मध्ये, पुन्हा पंतप्रधान झाल्यानंतर, टेलिफोनवर बोलताना अचानक हवे ते शब्द सापडेनात. तेही थोड्या वेळात गेले. आज असे काही झाले तर डॉक्टर त्याच दिवशी रुग्णालयात नेतील. शब्द न सापडणे, हाताला मुंग्या, तोंड वाकडे, आणि मग सगळे आपोआप ठीक, याला लोक अजूनही वारे लागले म्हणतात. तो मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो.

मोठा झटका आला तो जूनच्या त्या मेजवानीत. २५ जूनला त्यांना केंटमधल्या चार्टवेल या त्यांच्या घरी हलवले. तोवर डावा हात आणि पाय आणखी कमजोर झाले होते. हा आठवडा पार पडेल का, अशी शंका मोरान यांनाही आली. मेंदूविकारांचे मोठे तज्ज्ञ रसेल ब्रेन यांना बोलावले. या तज्ज्ञाचे आडनाव इंग्रजीत खरोखरच मेंदू. दोघा डॉक्टरांनी जे पत्रक लिहिले त्यात मेंदूच्या रक्ताभिसरणातल्या बिघाडाचा उल्लेख होता. मंत्र्यांनी तो काढून टाकला. लोकांना सांगितले गेले की पंतप्रधानांना खूप दिवस उसंत मिळालेली नाही आणि त्यांना पूर्ण विश्रांतीची गरज आहे. मोठ्या वृत्तपत्रांच्या मालकांना चार्टवेलला बोलावून विश्वासात घेतले गेले. परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन त्याच सुमारास बॉस्टनमध्ये पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होते. म्हणजे पंतप्रधान आणि त्यांचा ठरलेला वारस, दोघेही अंथरुणावर, आणि देशाला पत्ता नाही.

डावी बाजू लुळी पडली म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात. बहुतेकांत भाषेचे केंद्र डाव्या बाजूला असते. त्यामुळे चर्चिल यांची भाषा, आठवण, विनोद शाबूत राहिला, फक्त उच्चार बोबडे झाले.

तोंड वाकडे झालेले बाहेरून दिसते, आतले कोणी पाहत नाही. जेवताना गाल हा एक हातच असतो. बाहेरून गाल आणि आतून जीभ घास दाढांखाली धरून ठेवतात आणि घास गेल्यावर जीभ फिरून सगळे झाडून काढते. गाल ढिला पडला की त्या बाजूला दात आणि गाल यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. त्यात भात, पोळीचा चोथा, गोळीचा तुकडा तासन्‌तास बसून राहतो. त्या बाजूची संवेदनाही बोथट झालेली असेल तर रुग्णाला ते कळतच नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना तर डावी बाजू आपली आहे याचेच भान राहत नाही. ते अर्धीच दाढी करतात, ताटातला डावीकडचा पदार्थ तसाच सोडतात आणि दातही उजवीकडचेच घासतात. काही आठवड्यांत डावीकडच्या हिरड्या सुजतात, रक्त येते, मुळाशी कीड लागते. सुजलेली बाजू दुखते म्हणून मग तिकडे ब्रश मुळीच जात नाही.

पण खरा धोका दातांना नाही, फुप्फुसांना आहे. दिवसभरात माणसाच्या तोंडात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि आपण ती नकळत गिळत राहतो. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया बिघडली की त्यातला काही भाग अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. निरोगी माणसाला लगेच ठसका लागतो. या रुग्णांपैकी अनेकांना ठसकाही लागत नाही. रात्री झोपेत लाळ गुपचूप खाली जाते. तोंड स्वच्छ असेल तर त्या लाळेत जंतू कमी असतात. दातांवर कीटण साचले असेल, जिभेवर पांढरा थर असेल, कवळी चार दिवस धुतलेली नसेल, तर प्रत्येक थेंबाबरोबर जंतूंचा लोंढा फुप्फुसात जातो. आठ-दहा दिवसांनी ताप येतो, श्वास लागतो आणि घरचे म्हणतात, थंडी बाधली.

जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक अभ्यास झाला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वृद्धांचे तोंड सेवकांनी प्रत्येक जेवणानंतर घासून द्यायचे आणि दंतवैद्यांनी वरचेवर साफसफाई करायची, बाकीच्यांचे नेहमीसारखे. ज्यांच्या तोंडाकडे कोणी खास लक्ष दिले नाही त्यांच्यातल्या सुमारे १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, ज्यांचे तोंड साफ ठेवले त्यांच्यात ११ टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही, केवळ ब्रश. चर्चिल यांच्या काळात हे आकडे कोणापाशीच नव्हते.

चर्चिल नशीबवान होते. चार्टवेलला परिचारिका होत्या, गिळणे शाबूत होते आणि उजवा हात चालत होता. आठवडाभरात ते थोडे उभे राहू लागले. मंत्रिमंडळाचे सचिव नॉर्मन ब्रूक एके दिवशी जेवायला आले असताना त्यांनी सगळ्यांना बाजूला राहायला सांगितले आणि खुर्चीचे हात धरून, घामाघूम होत, कोणाच्या आधाराशिवाय ते उभे राहिले. पुढचे दोन-अडीच महिने त्यांचा एकच ध्यास होता. ऑक्टोबरमध्ये मार्गेट येथे पक्षाचे अधिवेशन होते. तिथे उभे राहून भाषण करता आले तर पंतप्रधानपद राहणार, नाही तर राजीनामा. चालण्याचा सराव झाला, बोलण्याचाही. १८ ऑगस्टला ते मंत्रिमंडळाच्या बैठकीला परत आले आणि १० ऑक्टोबर १९५३ रोजी मार्गेटला सुमारे ५० मिनिटे उभ्याने बोलले. आधी मोरान यांनी दिलेली उत्तेजक गोळी त्यांनी घेतली होती, हे आजच्या डॉक्टरला खटकणारे. त्याच महिन्यात त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

या पन्नास मिनिटांत जीभ, ओठ, गाल आणि ती सोन्याची पट्टी, सगळ्यांना एकत्र काम करावे लागले. १९५४ मध्ये चर्चिल यांनी फिश यांना पाठवलेले एक पत्र पुढे उजेडात आले. दातांची इतकी चांगली काळजी घेतल्याबद्दल आभार आणि सोबत पाठवलेली कवळी जरा घट्ट करून द्यावी अशी विनंती, असा त्यातला मजकूर. फिश यांना त्याच वर्षी सरदारकी मिळाली होती. ती कवळी पक्षाघातामुळेच सैल झाली असे ठरवणे घाईचे होईल. वय, वजन, झिजलेला जबडा, कारणे पुष्कळ असतात. पण झटक्यातून उठलेल्या माणसाने वर्षभरात कवळी पुन्हा बसवून घेणे, ही गोष्ट अगदी योग्य झाली. पक्षाघातानंतर पहिले काही आठवडे सूज, अशक्तपणा, स्नायूंचा ढिलेपणा बदलत असतो. त्या काळात लगेच नवी कवळी करायची घाई नको, पण प्रकृती स्थिरावली की जुनी कवळी घेऊन दंतवैद्याकडे जायलाच हवे. सैल कवळीने हिरड्यांना जखमा होतात आणि मधुमेह असेल तर त्या लवकर भरत नाहीत.

ज्यांच्या घरी परिचारिका नाहीत त्यांनी काय करायचे? पहिली गोष्ट, रुग्णाला आडवे ठेवून तोंड धुऊ नये. शक्य तितके ताठ बसवावे, उशा लावाव्यात, हनुवटी किंचित खाली घ्यावी. डोके मागे टाकून तोंडात पाणी ओतले की ते थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. लहान डोक्याचा मऊ ब्रश, त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट. चूळ नीट भरता येत नसेल तर पेस्ट त्याहूनही कमी, ब्रश केवळ ओला, आणि शेवटी ओल्या स्वच्छ सुती कापडाने किंवा गॉझने पुसून घ्यावे. सुरुवात लुळ्या बाजूने करावी, कारण नंतर ठेवली की ती राहून जाते. प्रत्येक जेवणानंतर बॅटरीच्या उजेडात त्या गालाचा खिसा पाहावा. रुग्ण नकळत दात आवळू शकतो, त्यामुळे दातांच्या मध्ये बोट घालू नये. गालाच्या बाजूनेच ब्रशने किंवा कापडाने अन्न बाहेर काढावे.

नाकातल्या नळीने दूध-पाणी चालू असलेल्या रुग्णाचे तोंड तर सगळ्यांत जास्त विसरले जाते. खातच नाहीत तर दात कशाला घासायचे, हा घरच्यांचा प्रश्न रास्त वाटतो, पण उलट आहे. चावणे बंद झाले की लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते आणि जंतूंचा थर अधिक वेगाने साचतो. या रुग्णाचे तोंड दिवसात अनेकदा ओल्या गॉझने पुसायला हवे, ओठांना व्हॅसलिनचा हात लावायला हवा. मिश्रीची सवय असलेल्या आजीला बरे वाटावे म्हणून रुग्णालयात कोणीतरी गुपचूप मिश्री आणून देते. ती तंबाखू आहे आणि तंबाखूने रक्तवाहिन्यांचे जे केले त्यामुळेच आजी येथे असण्याची शक्यता आहे.

स्वतः ब्रश करू शकणाऱ्या रुग्णाला तो करू द्यावा. एक हात चालत असेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली किंवा जुने कापड गुंडाळले की पकड येते. त्याने घासल्यावर घरच्यांनी एकदा नजर टाकावी. यात रुग्णाचा अभिमान दुखावतो, तेव्हा जरा गोडीने घ्यावे. कवळी धुताना ती हातातून निसटून फुटते, म्हणून खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे. साबण आणि मऊ ब्रश पुरतो. उकळते पाणी घातले तर कवळी वाकते.

औषधांचाही तोंडाशी संबंध आहे. पक्षाघातानंतर बहुतेकांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी गोळी असते. दात घासताना थोडे रक्त दिसले की लोक एकतर ब्रश सोडतात किंवा गोळी सोडतात. दोन्ही चूक. ब्रश सोडला की हिरड्या आणखी सुजतात आणि रक्त वाढते. गोळी सोडली तर दुसरा झटका येऊ शकतो. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला सगळ्या गोळ्या दाखवाव्यात आणि निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावा. रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिन आणि फिटांसाठीची फेनिटॉइन या औषधांनी काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. असे दिसले तर डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते. थांबत नसलेले रक्त, हिरड्यांतून पू, तोंड उघडता न येणे यासाठी मात्र त्याच दिवशी जावे.

चर्चिल यांनी ५ एप्रिल १९५५ रोजी पंतप्रधानपद सोडले. त्याआधी महिनाभर, मार्चमध्ये, पार्लमेंटमधल्या एका वादात त्यांनी स्वतःच सांगून टाकले की १९५३ च्या जूनमध्ये आपल्याला लकवा झाला होता. जवळजवळ पावणेदोन वर्षांनी देशाला खरे कळले. पुढची दहा वर्षे हळूहळू उतरणीची. छोटे झटके येत राहिले, ऐकू येणे कमी झाले, बोलणे विरळ झाले. जून १९६२ मध्ये माँटे कार्लोच्या हॉटेलात पडून खुब्याचे हाड मोडले आणि त्यांना विमानाने लंडनला आणावे लागले. रात्रंदिवस कोणीतरी सोबत लागू लागले.

अशा अवस्थेतल्या वृद्धांसाठी आणखी एक सूचना, रात्री कवळी काढून ठेवण्याची. जपानमध्येच ८५ च्या पुढच्या ५२४ वृद्धांवर तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. जे कवळी घालूनच झोपत त्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुपटीहून अधिक आढळला. टाळू आणि कवळी यांच्यामधली ओलसर, उबदार जागा बुरशीला आणि जंतूंना फार मानवते. रात्री कवळी स्वच्छ पाण्यात ठेवावी, तोंड पुसावे, सकाळी धुऊन घालावी. अनेक आजी-आजोबांना बोळक्या तोंडाने घरच्यांसमोर झोपायला लाज वाटते. खोलीतला दिवा आधी मालवला की ती अडचण सुटते.

जानेवारी १९६५ मध्ये चर्चिल यांना शेवटचा, मोठा झटका आला. या वेळी काहीच लपवले गेले नाही. हाइड पार्क गेटच्या घराबाहेर थंडीत उभ्या असलेल्या बातमीदारांना मोरान स्वतः प्रकृतीची पत्रके वाचून दाखवत. २४ जानेवारीला सकाळी, ९० व्या वर्षी, ते गेले. त्यांचे वडील बरोबर ७० वर्षांपूर्वी याच तारखेला गेले होते. पुढच्याच वर्षी मोरान यांनी रुग्णाच्या आजारांवर जाडजूड पुस्तक काढले. घरचे चिडले, डॉक्टरांच्या जगातही बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती.

कवळ्या मात्र मागे राहिल्या. एक लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. दुसरीचा २०१० मध्ये लिलाव झाला आणि तिला १५,२०० पौंड मिळाले.